नाक, कान आणि गुडघा

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेतला गाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला होता. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला होता. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि तेवढी कातडी खाली वळवून नवे नाक उभे केले. या घटनेचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो, तो रास्तच आहे. मला मात्र त्यातला मेणाचा पत्रा महत्त्वाचा वाटतो. वैद्याने आकार साधला. नाकाला आतून ताठ ठेवणारी कूर्चा त्याच्या हाती नव्हती. पुढे शल्यविशारद बरगडीची कूर्चा काढून दुसरीकडे बसवू लागले, पण नवी घडवणे कोणाला जमले नाही.

का जमले नाही, याची खूण त्याआधीच सापडते. 1743 मध्ये पंचविशीतल्या विल्यम हंटरने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, की सांध्यातली कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. हाड मोडले की तिथे रक्त धावते, गाठ धरते, डागडुजी सुरू होते. कूर्चेतल्या मोजक्या पेशी मात्र स्वतःच विणलेल्या घट्ट जाळ्यात कोंडलेल्या असतात. जखमेपर्यंत जायला त्यांना वाट नसते.

मग 1990 च्या दशकात तो उंदीर आला. पाठीवर माणसाचा कान असलेला, केस नसलेला उंदीर अनेक वाचकांना आठवत असेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स व्हॅकान्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 1997 मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या आकाराची एक जाळी त्यांनी केली होती. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या जातीच्या द्रव्याचे असतात, त्याच जातीची. इमारतीच्या परांचीसारखेच तिचे काम: बांधकाम होईपर्यंत आधार द्यायचा आणि मग निघून जायचे. त्या परांचीवर वासराच्या सांध्यातल्या कूर्चापेशी पेरून ती उंदराच्या कातडीखाली ठेवली. या जातीच्या उंदराची प्रतिकारशक्ती अपुरी असते, म्हणून परके ऊतक तो झिडकारत नाही. बारा आठवड्यांत जाळीच्या जागी कूर्चा तयार झाली.

म्हणजे त्या कानात माणसाचे काहीच नव्हते. त्याला ऐकू येत नव्हते, उंदराच्या जनुकांना कोणी हात लावला नव्हता. तरी 1999 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जनुकबदलाच्या विरोधात आलेल्या पानभर जाहिरातीत हेच छायाचित्र जनुकबदल केलेला उंदीर म्हणून छापले गेले. पुण्याच्या मेणाप्रमाणे इथेही आकाराने डोळे दिपले.

गुडघ्याला आकार पुरत नाही. त्याला भार पेलावा लागतो. त्या दिशेचे काम स्वीडनमध्ये गाजावाजा न होता चालले होते. 1994 मध्ये मॅट्स ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी 23 रुग्णांची हकीकत मांडली. रुग्णाच्याच कूर्चेचा कपटा काढून पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि हाडावरच्या पातळ पापुद्र्याचे ठिगळ शिवून त्याखाली सोडल्या. मांडीच्या हाडाच्या टोकावर दुखापत असलेल्या 16 पैकी 14 जणांना चांगला गुण आला. वाटीच्या 7 पैकी केवळ दोघांना. एकाच सांध्यातली ही तफावत मला सगळ्या यशापेक्षा बोलकी वाटते.

मूलपेशींची वाट वेगळी. सोव्हिएत संघात अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी अस्थिमज्जेतल्या, हाड तयार करू शकणाऱ्या पेशी ओळखल्या. 1991 मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हटले आणि नाव रूढ झाले. योग्य रसायने दिली की या पेशी कूर्चा तयार करतात, हे खरे. पण तिथे न थांबता त्या हाडाच्या वाटेला लागतात, ही अडचण. खुद्द कॅप्लन यांनी 2017 मध्ये हे नाव बदला, असे लिहिले. रुग्णांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते.

ते वाचले त्याच सुमारास माझ्या आईला एका दवाखान्यात गुडघ्यात 'स्टेम सेल'चे इंजेक्शन घेण्याचा सल्ला मिळाला. माहितीपत्रकावर निळसर, चमकता गुडघा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नव्हता. मी ते पान छापून नेले. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचले, घडी घालून परत दिले आणि विषय बदलला.

आज मला सर्वांत आशा वाटते ती स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कामाची, आणि तिथे गोष्ट पुन्हा नाकाशी येते. इव्हान मार्टिन यांच्या गटाने नाकाच्या पडद्यातल्या कूर्चापेशी कोलॅजेनच्या पडद्यावर वाढवल्या. 2014 मध्ये पाच रुग्णांच्या नाकपुड्यांसाठी त्या वापरल्याचे प्रसिद्ध झाले, 2016 मध्ये दहा रुग्णांच्या गुडघ्यांसाठी. नाकातली पेशी गुडघ्यात रुळते, हे ऐकून आई हसली. तिला पुढचे मी लगेच सांगितले नाही: ते दहाही जण 18 ते 55 वयाचे होते. आईला नुकतेच 83 वे लागले आहे.