पिवळ्या उद्गारचिन्हाची कुळकथा

जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला की त्यातली हार्ड डिस्क काढायची, दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि बटण दाबायचं, हा उद्योग अनेकांनी करून पाहिलेला असतो. डिस्क तीच, विंडोज तेच. तरी कधी निळा स्क्रीन येतो. कधी विंडोज उघडतं, पण आवाज गायब, वाय-फाय गायब, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं. एखाद्यावर डबल क्लिक केलं की उत्तर येतं ‘कोड २८’, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. या चिन्हाचं कूळ शोधायचं तर विंडोजच्या बरंच मागे जावं लागतं.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियात सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. इंटेल ८०८० या प्रोसेसरवर चालणारी यंत्रं पुढे अनेक कंपन्या बनवू लागल्या, पण प्रत्येकीची फ्लॉपी चालवण्याची तऱ्हा निराळी. दर वेळी सिस्टिमच्या पोटात हात घालावा लागे. इम्साई कंपनीसाठी पुन्हा तेच काम आलं, तेव्हा किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा सगळा भाग कापून बाजूला काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. नवं यंत्र आलं की तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. आजच्या ड्रायव्हरचं घराणं माझ्या मते इथून सुरू होतं.

मार्च १९८३ मध्ये एमएस-डॉस २.० आलं आणि हे तुकडे सुटे झाले. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिव्हाइस’ने सुरू होणारी एक ओळ लिहिली की माउसचा किंवा पुढे सीडी-रॉमचा ड्रायव्हर आपोआप चढायचा. यंत्र विकणाऱ्याने ड्रायव्हरची फ्लॉपीही द्यायची, हा रिवाज त्यातून रुजला. सोय मोठीच होती. पण जे सुटं मिळतं ते हरवतंही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या पीसीबरोबर मदरबोर्डची सीडी यायची. ती पाच वर्षांनी सापडली असं घर विरळाच.

एक गोष्ट मात्र डॉसच्या काळात सुखाची होती. डॉस डिस्क वाचायला मदरबोर्डवरच्या रॉममधल्या बायॉसची मदत घेई. त्यामुळे डॉसची डिस्क उचलून दुसऱ्या पीसीत लावली, तरी बहुधा ती मुकाट सुरू होई. हे सुख संपवलं ते १९९३च्या विंडोज एनटीने. सुरुवातीच्या काही फाइली बायॉसच्या मदतीने मेमरीत आणायच्या आणि मग डिस्कचा ताबा स्वतःच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, अशी तिची रीत. नव्या यंत्रातला डिस्क कंट्रोलर वेगळा निघाला, तर ताबा घेणारा ड्रायव्हर तयारच नसतो. तो बायॉसने आणून दिला नसेल, तर डिस्कवर असून उपयोग काय? किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद केल्यासारखं हे. मग ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं म्हणून विंडोज थांबतं.

या गाठीवरचा उपाय म्हणजे एफ६. विंडोज एक्सपी बसवताना स्क्रीनच्या तळाशी काही सेकंद एक ओळ दिसायची. तेवढ्यात एफ६ दाबून कंट्रोलरचा ड्रायव्हर द्यायचा. तो फक्त फ्लॉपीवरूनच घेतला जाई. साटा या नव्या जोडणीच्या डिस्क आल्या तोवर नव्या पीसीतून फ्लॉपी ड्राइव्ह निघून चालला होता. अशा वेळी एका रात्रीपुरता फ्लॉपी ड्राइव्ह उसना आणावा लागे.

विंडोज ७मध्ये प्रकार आणखी मजेशीर. एएचसीआय या साटा कंट्रोलरच्या पद्धतीचा ड्रायव्हर विंडोजबरोबरच येतो, पण बसवताना गरज पडली नसेल तर तो झोपवून ठेवलेला असतो. रजिस्ट्रीत ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीपुढे ‘स्टार्ट’चा आकडा ३ असेल तो ० केला, की तीच डिस्क सुरळीत चालू होते. हे डिस्क हलवण्याआधी, जुन्या यंत्रावर असतानाच करायचं.

निळा स्क्रीन टळला तरी पिवळी चिन्हं उरतातच. त्यावरचं औषध १९९२च्या पीसीआय या कार्डं जोडण्याच्या मानकाने दिलं. प्रत्येक कार्डाने आपल्या अंगावर दोन क्रमांक बाळगायचे, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक मॉडेलचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा. चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज, एवढं केलं की अनोळखी यंत्रभागाचं गोत्र समोर येतं. या ओळखपत्रांच्या भरवशावर ‘प्लग अँड प्ले’चा गाजावाजा झाला. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ला स्कॅनर जोडला गेला आणि भर मंचावर निळा स्क्रीन आला, ते वेगळं!

लिनक्सची डिस्क यंत्र बदलल्यावर सहसा कुरकुरत नाही, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच, येतात. पण डिस्कची गाठ तिथेही आहे. ती सोडवायला इनिट्रॅमएफएस नावाचं छोटं गाठोडं कर्नलबरोबर मेमरीत चढवलं जातं. फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती त्यात फक्त चालू यंत्राचे ड्रायव्हर भरते, म्हणून दुसऱ्या यंत्रावर अडलं तर बूट मेन्यूतली ‘रेस्क्यू’ची ओळ निवडायची, तिच्या गाठोड्यात सगळ्यांची सोय असते.

नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर मात्र सगळीकडे पंचाईत एकच. ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट ड्रायव्हरवर अवलंबून. जाणते लोक फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करतात, नाहीतर ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतात.

२०२० नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर विंडोज बसवायला घेतलं, तर डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून पेनड्राइव्हवरचा फोल्डर दाखवायचा. इंटेलने या फोल्डरच्या नावात ‘एफ६’ आणि ‘एफएलपीवाय’, म्हणजे फ्लॉपी, अजून तसंच ठेवलं आहे.