मानाची तालीम कोणती? गदा मोजाव्यात की वस्ताद?

१.
महाराष्ट्र केसरीचे मैदान जवळ आले की एक जुना वाद नव्याने रंगतो: महाराष्ट्रातील खऱ्या अर्थाने ऐतिहासिक, मानाच्या तालमी कोणत्या? यादी बहुधा ठरलेली असते. कोल्हापूरची गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी. पुण्याची चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम. मराठवाड्यातील एकही नाव त्या यादीत नसते. ही यादी कशी घडली आणि ती कोणत्या मापाने तपासावी, हा आजच्या धाग्याचा विषय.

२.
प्रथम कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १९२२ पर्यंत त्यांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेचे मैदान उभे करविले. ते १९१२ मध्ये खुले झाले. मधोमध हौदा, भोवती उतरती बैठक. हजारो माणसांना एकाच वेळी कुस्ती दिसावी, अशी ही रचना.

३.
राजाश्रयाचा अर्थ केवळ इनाम नव्हे. मल्लाला खुराक लागतो, राहण्यास जागा लागते, शिकविणारा वस्ताद लागतो आणि वर्षभर जोडीच्या कुस्त्या लागतात. या चारही गोष्टी एकाच शहरात मिळू लागल्या, तेव्हा मल्ल तिकडे वळले. संस्थान विलीन झाले, तरी तालमी, वस्ताद आणि जाणते प्रेक्षक तेथेच राहिले. कोल्हापूरचे पहिले स्थान हे असे कमावलेले आहे. त्याविषयी वाद नाही.

४.
आता आमच्याकडे पाहा. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आजच्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. पुढे ते उस्मानाबादेत आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. कोल्हापुरासारखे एका शहरात एकवटलेले संस्थानी पाठबळ या तालुक्यांना लाभले नाही.

५.
म्हणून येथे कुस्ती नव्हती काय? होती, पण ती जत्रेत होती. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांच्या फडाविना यात्रा पुरी होत नाही. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत दिवस रंगतो. मात्र फड संध्याकाळी उठतो. तालीम वर्षभर टिकते, दप्तर मागे ठेवते. इतिहासाच्या यादीत नाव लागते ते दप्तर ठेवणाऱ्याचे.

६.
‘ऐतिहासिक’ कोणास म्हणावे, हा पेच जगभर आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचा फुटबॉल हा मोठा लोकोत्सव आहे (हातात चेंडू घेऊन धावण्याचा त्यांचा स्वतंत्र खेळ). एकोणिसाव्या शतकात त्यात येल आणि प्रिन्स्टन यांचे राज्य होते. आज थोर संघ म्हणून अलाबामा, मिशिगन, नोत्र दाम, ओहायो स्टेट यांची नावे घेतली जातात. जुने वैभव मोजावे की चालू पराक्रम, यावर तेथेही एकमत नाही.

७.
आपल्याकडे मोजण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे गदा. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. पुढे महाराष्ट्र केसरी हा किताब राज्यातील सर्वोच्च मान ठरला. मल्ल या स्पर्धेत जिल्ह्याच्या नावाने उतरतात. त्यामुळे गदा मोजणारा नकळत जिल्हे मोजतो, आणि घोळ येथूनच सुरू होतो.

८.
हे माप किती फसवे आहे, ते कोल्हापूरच्याच उदाहरणाने पाहा. दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे गदा जिंकली. त्यांचे पुत्र विनोद चौगुले २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याला गदा मिळाली ती थेट २०२२ मध्ये, पृथ्वीराज पाटील यांच्या रूपाने. मग मधल्या दोन दशकांत कोल्हापूरच्या तालमी मानाच्या राहिल्या नव्हत्या, असे कोणी म्हणेल काय?

९.
आता उलट उदाहरण, आणि तेही आपल्या नांदेडचे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना चितपट केले. स्पर्धेच्या नोंदीत ती गदा नांदेडची. राक्षे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. ते घडले पुण्याजवळ कात्रजला, काका पवार यांच्या कुस्ती संकुलात. आणि काका पवार? ते लातूर जिल्ह्याचे.

१०.
एकाच गदेवर नांदेड, पुणे आणि लातूर असा तिघांचा हक्क पोहोचतो. जिल्ह्याच्या स्तंभात हा इतिहास मावत नाही. म्हणून माझे प्रतिपादन असे: तालमीचे थोरपण तिच्या भिंतींच्या वयावर वा गदांच्या संख्येवर ठरवू नये. त्या तालमीच्या मातीतून पुढचा वस्ताद निपजला काय, हे पाहावे.

११.
या मापाने मोतीबाग पाहा. गणपतराव आंदळकर हे सांगली जिल्ह्यातील पुनवतचे. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य मिळविले. पण मोतीबागेचा खरा मान त्यानंतरचा आहे. हाच मल्ल त्या तालमीत वस्ताद म्हणून उभा राहिला आणि त्याने पिढ्या घडविल्या.

१२.
या मापाने गंगावेशीकडे पाहिले की आपला लातूर जिल्हा समोर येतो. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. गावाकडून ते कोल्हापूरला गेले आणि गंगावेशीत तयार झाले. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. दिल्लीच्या सतपालवर त्यांनी केलेली मात जुने शौकीन आजही रंगवून सांगतात.

१३.
पुढचा टप्पा अधिक मोलाचा. निवृत्तीनंतर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. काका पवार हे त्यांचेच शिष्य. ग्रीको-रोमन प्रकारात देशासाठी खेळून त्यांनी अर्जुन पुरस्कार मिळविला आणि मग कात्रजला स्वतःचे संकुल उभारले. गंगावेश, गोकुळ वस्ताद, कात्रज: तीन ठिकाणे, एकच परंपरा, आणि ती वाहून नेणारे दोन्ही वस्ताद लातूरचे.

१४.
बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे याच परंपरेतील. आधी बिराजदारांकडे आणि त्यांच्या निधनानंतर काका पवारांकडे ते शिकले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. १९७० चे सुवर्ण आणि २०१८ चे सुवर्ण. मध्ये ४८ वर्षे आहेत आणि गुरु-शिष्याचे नाते आहे.

१५.
जानेवारी २०२० मधील महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत अनेकांच्या स्मरणात असेल. गादी विभागातून नाशिकचे हर्षवर्धन सदगीर, माती विभागातून लातूरचे शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जिंकले आणि त्यांनी पराभूत शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले. २०२३ मध्ये अंतिम लढतीतील दोघेही पुन्हा याच संकुलाचे निघाले.

१६.
येथे कोल्हापूरकर मित्र विचारतील: मग गंगावेश संपली काय? मुळीच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. गंगावेशीच्या सिकंदर शेख यांनी राक्षे यांना काही सेकंदांत अस्मान दाखविले. सिकंदर सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचे. बाहेरगावच्या पोराला आपले म्हणून घडविणे, ही गंगावेशीची रीत बिराजदारांच्या काळी होती, तशी आजही आहे.

१७.
हे सूत्र महाराष्ट्रापुरते नाही. दिल्लीत गुरु हनुमान यांच्या आखाड्यातून सतपाल घडले. सतपाल यांनी छत्रसाल स्टेडियममध्ये मुलांना शिकविले आणि तेथून सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया असे ऑलिंपिक पदकविजेते आले. मूळ आखाड्याचे थोरपण शिष्याच्या आखाड्यात जाऊन वाढले.

१८.
तालमीबाहेरच्या संस्थांनाही या यादीत जागा हवी. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. मल्ल घडण्यामागे वस्तादाइतकीच अशी माणसे असतात.

१९.
आणि एक उणीव मान्य केली पाहिजे. आपल्या साऱ्या ‘ऐतिहासिक’ याद्या पुरुषांच्या आहेत, कारण तालमीचे दार मुलींना बंद होते. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम झाली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी पहिल्या विजेत्या ठरल्या. ज्या तालमी आज मुलींना हौद्यात उतरवतील, त्यांची नावे पुढच्या इतिहासकाराला शोधावी लागतील.

२०.
मग मराठवाड्याला मानाचे स्थान मिळाले, असे समजून स्वस्थ बसावे काय? नाही. बिराजदार कोल्हापूरला गेले, काका पवार आणि राहुल आवारे पुण्याला गेले. वस्ताद आमचे, शिष्य आमचे. हौदा मात्र दुसऱ्याच्या गावात. परंपरेचा अभिमान बाळगताना हे स्थलांतर विसरणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय. अहमदपूरहून पुण्याच्या एसटीत बसणाऱ्या पोराला ते वेगळे सांगावे लागत नाही.

२१.
तेव्हा यादी करायचीच, तर दोन खाती ठेवावीत. एक, मल्ल कोठे जन्मला. दुसरे, तो कोणाकडे शिकला आणि पुढे त्याने कोणाला शिकविले. पहिल्या खात्यात मराठवाड्याची नावे विखुरलेली दिसतील. दुसऱ्या खात्यात गंगावेशीपासून कात्रजपर्यंत एक सलग रेघ दिसेल, आणि ती रेघ रामलिंग मुदगडवरून जाते.

२२.
शेवटी एक विनंती. आपल्याकडे दरबारी दप्तर नाही. आहेत ती यात्रा कमिटीची हिशेबाची वही, कुस्त्यांची पिवळी पडलेली हँडबिले, आजोबांचा लंगोटातला फोटो आणि म्हाताऱ्या वस्तादांची आठवण. यांतील शेवटचे साधन सर्वांत आधी संपणार आहे. आपल्या गावात तालीम होती काय, वस्ताद कोण होते, ते कोणाकडे शिकले, हे घरातल्या थोरांना विचारा आणि साल, गाव, नाव यांसह खाली लिहा. पुढच्या वर्षी वाद रंगेल, तेव्हा आपल्या हातात काही लेखी असेल.