दिनमान, पलभा आणि शरद संपात : कोपरीच्या अक्षांशावरून एक विचार

मकरसंक्रांत महाराष्ट्रात घरोघरी साजरी होते. परंतु २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस उतरतो, त्या शरद संपाताची दखल पंचांगाबाहेर क्वचितच घेतली जाते. यावरून कोकणात दिवसाच्या वाढघटीकडे कोणी लक्ष दिले नाही, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. ते अनुमान टिकत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. पडताळ्यासाठी ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरी हे स्थळ घेतले असून त्याचा अक्षांश सुमारे १९ अंश ११ कला आहे.

प्रथम शब्द पाहू. ब्राह्मणग्रंथांत 'विषुवत्' हा शब्द गवामयन या संवत्सरसत्राच्या मधल्या दिवसास योजलेला आहे. दोन्ही बाजूंस सारखे दिवस असलेला तो दिवस होय. हाच सारखेपणा पुढे दिवस व रात्र यांना लागू झाला. 'संपात' हा शब्द मात्र भूमितीचा आहे. क्रांतिवृत्त आणि विषुववृत्त एकमेकांस छेदतात तो बिंदू म्हणजे संपात.

दिनमानाचे सर्वांत जुने सूत्र वेदांगज्योतिषात आहे. त्यानुसार लहानात लहान दिवस १२ मुहूर्तांचा आणि मोठ्यात मोठा १८ मुहूर्तांचा, म्हणजे अनुक्रमे २४ व ३६ घटींचा असतो. हे प्रमाण सुमारे ३५ अंश अक्षांशास, म्हणजे काश्मीरच्या आसपासच्या प्रदेशास जुळते. कोपरीस ही तफावत सहा मुहूर्तांची नसून तीन मुहूर्तांपेक्षाही कमी भरते. सारांश, प्राचीन ग्रंथातील आकडा आदरणीय असला तरी तो येथील उजेडाचा नव्हे.

येथील उजेड मोजण्याची रीत कोकणातच ग्रंथबद्ध झाली. मुरूडजवळील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' रचला. त्यात पलभेवरून चर काढण्याची कृती दिली आहे. बारा अंगुळांचा शंकू सपाट भूमीवर उभा करावा. सायन सूर्य मेषारंभी असता माध्यान्ही पडणारी त्याची छाया म्हणजे पलभा. सूर्य विषुववृत्तावर असल्याने शरद संपाताच्या दिवशीही ती तेवढीच पडते. नांदगावी ती जवळजवळ नेमकी चार अंगुळे भरते. कोपरीस ४ अंगुळे १० व्यंगुळे. तिला अनुक्रमे १०, ८ व १० यांनी गुणून शेवटच्या गुणाकारास ३ ने भागले की तीन चरखंडे मिळतात. कोपरीसाठी त्यांची बेरीज सुमारे ८९ पळे येते. ती पंधरा घटींत मिळवून दुप्पट केली असता परमदिनमान ३२ घटी ५८ पळे, म्हणजे १३ तास ११ मिनिटे मिळते. सूर्यबिंबाचा मध्य धरून केलेले आजचे गणित १३ तास ९ मिनिटे सांगते. उरलेली दोन मिनिटेही अकारण नाहीत. परंपरेने परमक्रांती २४ अंश मानली, ती प्रत्यक्षात साडेतेवीस अंशांपेक्षा किंचित कमी आहे.

हा प्रयोग कोणासही करता येईल. मात्र घड्याळातील बारा म्हणजे माध्यान्ह, असे समजू नये. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची असल्याने २३ सप्टेंबरला कोपरीचा माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होतो. शिवाय वातावरणातील वक्रीभवन व सूर्यबिंबाचा आकार यांमुळे त्या दिवशी प्रत्यक्ष उजेड रात्रीपेक्षा अधिक असतो. दिवस व रात्र खरोखर समान होण्यास आणखी सुमारे आठवडा लागतो.

मग लोकव्यवहारात संपात का उमटला नाही? एक कारण पावसाळ्याचे. कोकणात वर्षातला सर्वांत मोठा दिवस ढगांआड जातो, आणि संपाताच्या वेळीही आभाळ पुरते मोकळे नसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या सुमाराची लोकखूण सूर्याच्या नक्षत्राशी बांधलेली होती. सूर्य हस्तात गेला की हत्तीचा पाऊस आणि मुलींचा हादगा सुरू होतो. ही गणना निरयन आहे. गणेश दैवज्ञ शके ४४४ पासून दरवर्षी एक कला अयनांश धरतात. त्यानुसार शके १४४२ मध्ये ते १६ अंश ३८ कला होते, आणि सूर्याचा हस्तप्रवेश संपाताच्या तीन-चार दिवस आधी होई. आज तो संपातानंतर सुमारे चार दिवसांनी, २७ सप्टेंबरच्या आसपास होतो. लोकखूण नक्षत्राशी निष्ठावंत राहिली. संपात मात्र तिच्याखालून सरकला.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात सायन पक्षाचा पुरस्कार केला, तो याच सरकण्याकडे पाहून. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत आश्विनाचा पहिला दिवस २३ सप्टेंबरला, म्हणजे शरद संपाताशी, जोडला गेला. घरातील पंचांगाने मात्र तो बदल स्वीकारला नाही. तेथे तूळ संक्रांत ऑक्टोबरच्या मध्यानंतरच येते.

जुनी कागदपत्रे व ग्रंथ वाचणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच 'उत्तरायण', 'संक्रांत', 'हस्त' हे शब्द ऋतूचा पुरावा म्हणून घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत : गणना सायन की निरयन, आणि शतक कोणते? बोलीत 'दिनमान फिरले' म्हणजे नशीब पालटले. या शब्दाचा मूळ अर्थ घटी-पळांत मोजावयाचा होता, आणि तो मोजण्याची कृती याच किनाऱ्यावर पाच शतकांपूर्वी लिहिली गेली, हे विस्मरणात जाऊ नये.