धुण्याचा खार

साबणाची वडी बाजारातून विकत आणणे ही भारतीय संसारातील फार जुनी गोष्ट नव्हे. त्यापूर्वी शेकडो वर्षे कपडे धुतले जात होतेच, आणि ते स्वच्छही निघत होते. धुण्याचे द्रव्य घरीच सिद्ध होई. त्यासाठी रोकड मोजावी लागत नसे. मोजावे लागत ते कष्ट, आणि ते बहुधा बाईला किंवा परटाला.

चुलीतली राख हे या द्रव्यांपैकी सर्वांत सुलभ. बुडाशी भोक पाडलेल्या मडक्यात गवताचा थर द्यावयाचा, त्यावर चाळलेली राख भरावयाची आणि वरून थोडे थोडे पाणी सोडावयाचे. खालच्या भांड्यात पिवळसर, बोटांना निसरडे लागणारे पाणी ठिबकत राही. हाच खार. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात उतरते आणि कपड्यावरील तेलकट मळ सोडविते. आसामात केळीच्या राखेतून असेच खाराचे पाणी काढीत. ते स्वयंपाकातही चाले आणि धुण्यातही. रेशमाला व लोकरीला मात्र खार मानवत नाही. त्यांच्यासाठी रिठा होता. रात्री भिजत घातलेली रिठ्याची फळे सकाळी उकळून कुसकरली, की पाण्याला फेस येई.

गावगाड्यात धुण्याचे काम परटाकडे असे. बारा बलुतेदारांत त्याची गणना होती आणि त्याच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. गावकुसाबाहेरील वस्तीला ही सेवा मिळत नसे. तेथे राख आणि स्वतःचे हात एवढेच भांडवल. जुन्या काळच्या काटकसरीचे कौतुक करताना ही बाजू सहसा विसरली जाते.

राखेहून अधिक जोरकस खार काही ठिकाणी निसर्गानेच साठवून ठेवला होता. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. उल्कापाताने झालेल्या या विवरात पाणी येते, पण त्याला बाहेर पडण्यास वाट नाही. ते आटते ते उन्हानेच आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात काठावर साचलेले हे थर लोक गोळा करीत आणि दर्जाप्रमाणे त्यांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे देत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त या भागाचे वर्णन करताना, येथील डोंगरांत काच आणि साबण यांना लागणारी सर्व द्रव्ये मिळतात, असे नमूद केले आहे. बादशाही दप्तराला सरोवराच्या सृष्टिसौंदर्याहून त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची ओढ अधिक असावी, यात नवल नाही.

पुढे हा खार कारखान्यात होऊ लागला. फ्रान्समध्ये लब्लांकने १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनविण्याच्या कृतीचे स्वामित्व मिळविले. १८६० नंतरच्या दशकात बेल्जियमच्या सॉल्व्हे याने त्याहून स्वस्त रीत रूढ केली. सोडा स्वस्त झाला, तसा साबणही. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या. धुण्यासाठी रोकड मोजण्याची सवय येथून हळूहळू मध्यम वर्गात शिरली. स्वदेशीच्या चळवळीने देशी साबणाला उत्तेजन दिले आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज यांसारख्या अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग हाती घेतला.

साबणाचा एक दोष मात्र घरोघरी जाणवत असे. विहिरीच्या जड पाण्यात तो फेसाळत नाही. चुन्याच्या क्षारांशी संयोग होऊन त्याचा चिकट साका बनतो आणि बराचसा साबण वाया जातो. म्हणून जाणती गृहिणी पाण्यात आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकी. अर्धी वडी वाचविण्याची ही युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती.

१९५९ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘सर्फ’ ही धुण्याची पूड आणली. जड पाण्यातही ती काम करी; पण तिची किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नव्हती. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादेत गुजरात सरकारच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्यातील रसायनज्ञ करसनभाई पटेल यांनी घराच्या परसात स्वतःची पूड बनविण्यास आरंभ केला. मोठ्या कारखान्यात द्रव मिश्रणाचा फवारा उंच मनोऱ्यात उष्ण हवेने सुकवीत. पण आम्लरूप द्रव्यात भरपूर सोडा कालवला तर भट्टी आणि मनोऱ्यावाचूनही पूड होते. नोकरी सांभाळून, सायकलवरून दारोदार फिरून, ते ही पूड किलोला ३ रुपये दराने विकीत. सर्फचा दर त्या वेळी १३ रुपयांच्या आसपास होता. कन्येच्या नावावरून तिला ‘निरमा’ हे नाव मिळाले.

महिन्याच्या खर्चात किलोमागे १० रुपये वाचणे ही लहान बाब नव्हती. परंतु या पुडीत सोड्याचे प्रमाण मोठे होते. तिने कपडे उजळत, तसे हातही चरचरत. हाताच्या कातडीची ही किंमत पाकिटावर छापलेली नसे. ज्या घरात ३ रुपयेच होते, तेथे निवडीचा प्रश्नही नव्हता. १९८० नंतरच्या दशकात ‘निरमा’ देशातील सर्वाधिक खपाच्या पुडींत मोडू लागली, आणि ज्या ग्राहकाकडे मोठ्या कंपन्यांनी पूर्वी पाहिलेही नव्हते, त्याच्यासाठी त्यांना स्वस्त पुडी काढाव्या लागल्या.

परसात सोडा कालवणाऱ्या या उद्योगाने पुढे भावनगरजवळ स्वतःचा सोड्याचा कारखाना उभारला, आणि २००७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एक कंपनी विकत घेतली. ती कंपनी एका कोरड्या सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून सोडा काढते. तेथील गावाचे नाव ट्रोना; लोणारच्या काठावर उन्हाळ्यात साचणाऱ्या खारातही याच नावाचे खनिज असते.