‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ : त्या खोलीत कोणाला जागा होती?

एक खोली, एक लांब टेबल, बारा गोरे पुरुष. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य त्यांच्या हाती. सिडनी ल्युमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ जवळजवळ संपूर्ण या एकाच खोलीत घडतो. अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एकटा हेन्री फोंडा ‘नाही’ म्हणतो. निर्णय एकमतानेच व्हायला हवा, म्हणून वाद सुरू होतो.

चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, विल्यम फ्रीडकिन यांनी ‘शोटाइम’ वाहिनीसाठी हीच कथा पुन्हा चित्रित केली. फोंडाच्या जागी जॅक लेमन, ली जे. कॉबच्या जागी जॉर्ज सी. स्कॉट.

खरे तर ही कथा दूरचित्रवाणीवरच जन्मली. न्यूयॉर्कमध्ये एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्युरर म्हणून बसलेल्या रेजिनाल्ड रोझ यांनी ती लिहिली आणि २० सप्टेंबर १९५४ रोजी ‘सीबीएस’च्या ‘स्टुडिओ वन’मधून ती थेट प्रक्षेपित झाली. १९९७ ची पटकथाही रोझ यांचीच. त्यामुळे संवाद बहुतांशी तेच राहिले. बदलले ते चेहरे.

(मराठी वाचकाला ज्युरी आठवते ती मुंबईतल्या १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे. तिथे एकमताची अट नव्हती. नऊपैकी आठ ज्युररांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला स्थानच उरले नाही. म्हणजे बासू चटर्जींचा १९८६ चा ‘एक रुका हुआ फैसला’ भारतात अस्तित्वात नसलेल्या खोलीत घडतो.)

फ्रीडकिन यांच्या ज्युरीत चार कृष्णवर्णीय आहेत. यामागे मोठा इतिहास आहे. कृष्णवर्णीयांना कायद्याने ज्युरीबाहेर ठेवता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात सरकारी वकील त्यांची नावे कारण न देता वगळत राहिले. केवळ वर्णावरून असे वगळण्यास मनाई झाली ती १९८६ च्या ‘बॅटसन’ निकालाने.

सर्वांत मोठा बदल दहाव्या ज्युररचा. जुन्या चित्रपटात एड बेगली ‘ही माणसं’ म्हणत गरळ ओकतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्याकडे पाठ फिरवतात. ‘ही माणसं’ म्हणजे कोण, हे चित्रपट सांगत नाही. प्रेक्षकाला ते स्वतःच्या मनातून भरावे लागते. १९९७ मध्ये आरोपी स्पष्टपणे लॅटिनो आहे आणि त्याच्याविरुद्ध गरळ ओकतो मायकेल्टी विल्यमसन या कृष्णवर्णीय नटाने साकारलेला ज्युरर. द्वेष ही कोणा एका वर्णाची मक्तेदारी नाही, हे सांगणे धाडसाचे होते. पण किंमतही मोजावी लागली. १९५७ च्या प्रसंगात द्वेष आणि सत्ता एकाच माणसात होती. ज्यांना खोलीत बसण्याची हमी मिळून जेमतेम अकरा वर्षे झाली होती, त्यांच्यातल्याच एकाकडे नव्या आवृत्तीने ती भूमिका सोपवली. जुना प्रसंग म्हणूनच अधिक बोचतो.

आणि स्त्रिया? १९५७ मध्ये त्यांची अनुपस्थिती खोटी वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३७ पासून स्त्रिया ज्युरर होऊ शकत होत्या, मात्र केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना सूट मागता येई. पूर्ण पुरुषी ज्युरी सहज संभवत होती. १९७५ च्या ‘टेलर’ आणि १९९४ च्या ‘जे.ई.बी.’ निकालांनंतर चित्र पालटले. १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसनला निर्दोष ठरवणाऱ्या बारा जणांत दहा स्त्रिया होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या खोलीत पुन्हा बारा पुरुषच बसलेले दिसतात, ते शीर्षकाच्या हट्टापायी.

फ्रीडकिन यांनी न्यायाधीश मात्र स्त्री केली. मेरी मॅकडॉनेल सुरुवातीला ज्युरीला सूचना देतात. मग बारा पुरुष उठून आत जातात आणि दार बंद होते.