करैऱ्याची जागा आणि छत्तीस आमदार

ग्वाल्हेरच्या लष्करातला खासगी बाजार ज्या वस्तीचा भाग आहे, ती दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास तिथे कायमचा तळ दिल्यावर वाढली. दरबार आणि कचेऱ्या यांच्या आधाराने इथली मराठी घरं जगली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, तरी राजधानीचा निम्मा मान टिकला: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. १९५६ साली तोही गेला आणि सत्ता भोपाळला बसली. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आमदारकीचा अर्थ इथून लावायला हवा, असं मला वाटतं. १९५७ आणि १९६२ साली त्या काँग्रेसच्या खासदार झाल्या. १९६६ साली ग्वाल्हेरमध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसलं आणि पक्ष सुटला. १९६७ साली त्या गुण्यातून स्वतंत्र पक्षातर्फे लोकसभेला आणि करैऱ्यातून जनसंघातर्फे विधानसभेला जिंकल्या. मग त्यांनी लोकसभा सोडली आणि आमदारकी ठेवली. राजघराण्याला दिल्लीच शोभते असं मानणाऱ्यांना हे उलटं वाटेल. पण ग्वाल्हेरचं जे गेलं होतं, ते भोपाळला गेलं होतं.

जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले आणि मिश्रांचं सरकार कोसळलं. हा महालाचा सूड, सरंजामी वजनाचा खेळ, असं तेव्हापासून म्हटलं जातं. वजन होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पुरेसं असतं तर निवडणुकीतच काम झालं असतं. प्रत्यक्षात २९६ पैकी १६७ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. शिवाय फुटलेल्यांचे पुढारी गोविंद नारायण सिंह हे शिंद्यांच्या मुलखातले नव्हेत, विंध्यातले. त्यांचे वडील अवधेश प्रताप सिंह विंध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, आणि रीवाची राजधानीही १९५६ सालीच बुडालेली. महाकोशलातल्या मिश्रांविरुद्ध ही दोन दुखणी एकत्र आली. ती जुळवणं हे सभागृहातलं राजकारण होतं. त्याला मुजऱ्यांचा उपयोग नव्हता.

खरा आक्षेप वेगळा आहे. मिश्रांच्या जागी आलेल्या आघाडीचं, संयुक्त विधायक दलाचं, नेतृत्व विजयाराजेंकडे आणि मुख्यमंत्रिपद गोविंद नारायण सिंहांकडे, म्हणजे अधिकार एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. मार्च १९६९ मध्ये सिंह पायउतार झाले, महिना संपण्याआधी श्यामाचरण शुक्ल यांच्या रूपाने काँग्रेस परतली. १९७१ साली विजयाराजे भिंडमधून पुन्हा लोकसभेत गेल्या. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने फुटीला एक तृतीयांश सदस्यांची अट घातली. १६७चे एक तृतीयांश म्हणजे ५६. त्या हिशेबाने ३६ जणांची आमदारकी गेली असती. मार्च २०२० मध्ये, विजयाराजेंचे नातू ज्योतिरादित्य यांनी काँग्रेस सोडली तेव्हा, २२ आमदारांनी पक्ष बदलण्याआधी थेट राजीनामेच दिले.