नेटवर्क कार्डाची सुसंगतता : एका संकल्पनेचा इतिहास

आभासी यंत्रे चालविणाऱ्या यजमान संगणकातील नेटवर्क कार्ड सुसंगत आहे काय, हा प्रश्न सामान्यतः यादी पाहून निकालात काढला जातो. वस्तुतः सुसंगतता हा कार्डाचा अंगभूत गुण नव्हे. ह्या प्रश्नाचा इतिहासच तसे सांगतो.

टीसीपीच्या खर्चाचे विश्लेषण क्लार्क, जेकबसन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. खर्चाचे मुख्य कारण टीसीपीचे नियम नसून संचालनप्रणाली व स्मृतीतील माहितीची हाताळणी हे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे सर्व टीसीपी कार्डावर सोपविण्याची कल्पना वादग्रस्त ठरली. लिनक्सच्या जाल-विभागाच्या परिरक्षकांनी ती नाकारली. मायक्रोसॉफ्टने ती 'चिमनी' ह्या नावाने स्वीकारली, पण विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये तिचाही त्याग केला. टिकली ती अंशतः भार उतरविण्याची रीत, म्हणजेच आजचा मर्यादित 'ऑफलोड'. ६४ किलोबाइटांचा खंड कार्डाकडे द्यावा आणि १,५०० बाइटांच्या मर्यादेत बसणारे सुमारे ४५ तुकडे कार्डाने करावेत, असे तिचे स्वरूप होय.

आभासीकरणाने ह्या रीतीचे महत्त्व वाढविले. झेनमधील आभासी कार्डालाही असा ऑफलोड दिल्यास खर्च घटतो, हे मेनन, कॉक्स व झ्वानेपूल ह्यांनी २००६ मध्ये दाखविले. पुढे व्हीएक्सलॅनचे वेष्टन आले (त्याचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले) आणि आतील पाकीट न ओळखणाऱ्या जुन्या कार्डांचा उपयोग तेथे मर्यादित झाला.

सर्वांत बोलके उदाहरण २०२० चे आहे. व्हीएमवेअरने ईएसएक्सआय ७.० मधून लिनक्सवर आधारित जुन्या चालकांचा आधार काढून घेतला. ज्या कार्डांना दुसरा चालक नव्हता, ती नव्या आवृत्तीत निरुपयोगी ठरली. कार्डात मात्र तिळमात्र बदल झालेला नव्हता.

ह्यावरून तपासणीची दिशा ठरते. विक्रीचे नाव पुरेसे नाही. उत्पादक, उपकरण, उपउत्पादक व उपउपकरण हे चार क्रमांक, चालक आणि प्रणालीची आवृत्ती ही सर्व एकत्र जुळवावी लागतात. लिनक्सवर 'इथटूल' कोणता ऑफलोड चालू आहे व कोणता बदलता येत नाही हे सांगते. तो निर्दोष चालतो की नाही, हे सांगत नाही. ते ऑफलोड चालू व बंद ठेवून केलेल्या मोजणीनेच कळते. सुसंगतता हे एका विशिष्ट काळचे नाते आहे. आवृत्ती बदलली की ते पुन्हा सिद्ध करावे लागते.